ओली गादी आणि कोरडे संस्कार



गेल्या महिन्यात आमच्या इथल्या मराठी मंडळात 'परदेशातले पालकत्व' या विषयावर व्याख्यान झालं. वक्त्या भारतातून आलेल्या, बोलणं रसाळ, अधूनमधून एखादा श्लोक. प्रश्नोत्तरांच्या वेळी मागच्या रांगेतल्या एका आईने जवळजवळ पुटपुटत विचारलं, "मुलगा सात वर्षांचा आहे, अजून रात्री अंथरूण ओलं करतो. काय करावं?" वक्त्यांनी उलट विचारलं, "आई घरी किती वाजता येते?" सभागृहात हशा. मग त्यांनी निदान सांगितलं: डायपरची सवय, आईची नोकरी आणि अति लाड. उपायही तयार होता. संध्याकाळी पाचनंतर पाणी बंद, आणि ओली चादर त्याची त्यालाच धुवायला लावायची, म्हणजे 'जबाबदारी येते'. टाळ्या पडल्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण उठून काही बोललोही नाही. शेजारी बसलेल्या बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी बटाटेवड्याच्या डिशकडे पाहिलं. हा लेख त्या गप्प बसण्याची उशिरा केलेली भरपाई आहे.

आधीच सांगतो, मी वैद्यकातला डॉक्टर नाही, पीएचडीवाला आहे. माझं संशोधन यीस्टवर, आणि यीस्टला मूत्राशय नसतं. पण शोधनिबंध कसा वाचायचा, एवढं पोटासाठी शिकलो आहे. आणि या विषयातला माझा दुसरा अनुभव कुठल्याही पदवीपेक्षा जुना आहे. त्याकडे येतोच.

पहिली गोष्ट आकड्यांची. पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी साधारण पंधरा मुलं रात्री अंथरूण ओलं करतात. दहाव्या वर्षी पाचेक उरतात, आणि वयात आल्यावरही शंभरात एखाददुसरा उरतोच. मुलींपेक्षा मुलग्यांत हे प्रमाण जवळपास दुप्पट. म्हणजे त्या आईच्या मुलाच्या वर्गात, त्याच रात्री, अजून एकदोघे ओल्या चादरीवर झोपलेले असणार. त्या सभागृहात आईवडील दीडशे तरी होते. आणखी कितीजणांच्या घरी गादीखाली प्लॅस्टिक अंथरलेलं असेल याचा हिशेब तुम्हीच करा. सगळे हसले, कारण कोणीतरी दुसऱ्याने विचारलं होतं.

दुसरी गोष्ट, दिवसाची सवय आणि रात्रीचा कोरडेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिवसा 'शू लागली' हे ओळखायला आणि धरून ठेवायला मूल शिकतं. त्याला शिकवता येतं, आणि आपल्या आज्या ते पायांवर बसवून वर्षाच्या आत शिकवत, हेही खरं. पण झोपलेल्या मुलाला कोण काय शिकवणार? रात्रीसाठी शरीराची तयारी व्हावी लागते. मेंदूतून व्हेसोप्रेसिन नावाचं संप्रेरक रात्री जास्त सुटावं, म्हणजे मूत्रपिंडं कमी पाणी सोडतात. काही मुलांमध्ये ही रात्रीची वाढ उशिरा येते, हे डेन्मार्कमधल्या संशोधकांनी १९८०च्या दशकात दाखवलं. शिवाय मूत्राशयाने रात्रभराचं साठवता यायला हवं, आणि भरलं की मेंदूने जागं व्हायला हवं. या तिन्हींपैकी एक जरी मागे राहिलं तरी सकाळी चादर ओली. १९९७ साली कॅनडात झोपलेल्या मुलांच्या कानात मोठे आवाज सोडून पाहिले, तर अंथरूण ओलं करणारी मुलं इतरांपेक्षा कितीतरी कमी वेळा जागी झाली. "इतका गाढ झोपतो की ढोल वाजवला तरी उठत नाही" असं आया म्हणतात, ते रडगाणं नसून अचूक निरीक्षण आहे.

यात आईची नोकरी कुठे आली?

तिसरी गोष्ट आनुवंशिकतेची. लहानपणी आईवडील दोघांनाही हा त्रास असेल तर मुलात तो असण्याची शक्यता सुमारे ७७ टक्के, एकाला असेल तर ४४, आणि कोणालाच नसेल तर १५. हे आकडे १९७० च्या दशकापासून पाठ्यपुस्तकांत आहेत. १९९५ मध्ये डॅनिश कुटुंबांच्या अभ्यासात तेराव्या गुणसूत्राकडे बोट गेलं, आणि २०२१ मध्ये डेन्मार्कमधल्याच खूप मोठ्या जनुकीय अभ्यासात सहाव्या आणि तेराव्या गुणसूत्रांवरच्या जागा सापडल्या. एकच जनुक सगळं ठरवतं असं अजिबात नाही, पण संस्कारांची जागा अजून कुठल्या गुणसूत्रावर मिळालेली नाही.

आता अवघड भाग.

मी स्वतः साडेदहा वर्षांचा होईपर्यंत अंथरूण ओलं करत होतो. डोंबिवलीत दोन खोल्यांत आम्ही पाचजण, गाद्या जमिनीवर, एकाला लागून एक. माझे बाबा क्रूर नव्हते. बँकेतले साधे, वाचनाची आवड असलेले गृहस्थ, आयुष्यात त्यांनी माझ्यावर हात उगारला नाही. फक्त सकाळी ते माझी गादी गॅलरीच्या कठड्यावर टाकत, डाग रस्त्याच्या बाजूला येईल अशी. आत मोरीजवळ वाळवता आली असती. "लाज वाटली की थांबेल" हा त्यांचा सिद्धांत. खालून शाळेत जाणारी मुलं वर बघायची. पाचवीत असताना तीन दिवसांची सहल रायगडला गेली, तेव्हा मला ताप आल्याचं शाळेत कळवण्यात आलं. मला ताप नव्हता. मी घरी बसून रायगडाचं चित्र काढलं, तेही कोणी मागितलं नव्हतं.

मग त्या उन्हाळ्यात एकाएकी सगळं थांबलं. घरात श्रेयाचे तीन दावेदार उभे राहिले. आजी म्हणाली, काळ्या तिळाचे लाडू लागू पडले, आणि मी विस्तवाशी खेळायचं बंद केलं (विस्तवाशी खेळलं की रात्री अंथरूण ओलं होतं, हा तिचा शरीरशास्त्रातला सिद्धांत). आईने टिटवाळ्याच्या गणपतीला नवस बोलला होता, तो तिने फेडला. बाबा काही बोलले नाहीत, पण लाजेचा विजय झाला असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचं.

तिघांपैकी कोणालाच एक साधी गोष्ट माहीत नव्हती. अंथरूण ओलं करणाऱ्या मुलांपैकी दर वर्षी साधारण पंधरा टक्के मुलं काहीही न करता कोरडी होतात. आता विचार करा. शंभर घरांत शंभर वेगवेगळे उपाय चालू आहेत. कुठे लाडू, कुठे गंडा, कुठे होमिओपॅथीच्या गोड गोळ्या, कुठे छडी. वर्ष संपताना पंधरा घरांत उपाय 'लागू' पडलेला असतो. ती पंधरा घरं आयुष्यभर सगळ्यांना सांगत सुटतात. उरलेली पंच्याऐंशी घरं गप्प बसतात, कारण आपल्याकडे ओली गादी ही सांगायची गोष्टच नाही. अशी बनते परंपरा. होमिओपॅथीचं नाव घेतल्यावर काही वाचकांची पत्रं येणार हे मला माहीत आहे, जरूर पाठवा. फक्त "आमच्या भाच्याला गुण आला" याच्या पुढचं काहीतरी त्यात असू द्या. या बाबतीत सगळ्यांचा भाचा बरा होतो.

कोणी म्हणेल, तुझं काय वाईट झालं? शिकलास, अमेरिकेत आलास, घर घेतलंस. हो. आणि दोन वर्षांपूर्वी पहाटे अडीच वाजता माझा सात वर्षांचा मुलगा ओल्या पायजम्यात दारात उभा राहिला, तेव्हा अनुदानाचा अर्ज दुसऱ्या दिवशी द्यायचा होता, मी तीन रात्री झोपलो नव्हतो, आणि मी म्हणालो, "एवढा मोठा घोडा झालास, लाज नाही वाटत?" आम्ही घरी एरवी निम्मं इंग्रजी बोलतो. त्या रात्री शुद्ध मराठी आलं, थेट डोंबिवलीच्या गॅलरीतून. नवस, लाडू, गंडेदोरे यांवर मी याच पत्रिकेत दोन लेख लिहिले आहेत. त्या वाक्याच्या वेळी त्यांतला एकही शब्द आठवला नाही.

परिणाम काय झाला तेही लिहितो. मुलगा कोरडा झाला नाही, हुशार झाला. ओले कपडे खेळण्यांच्या खोक्यात दडवायला लागला. आठवड्याने वास आला तेव्हा कळलं. शाळेतून पाण्याची बाटली भरलेलीच परत यायला लागली. "पाणीच प्यायलो नाही तर होणार नाही" हे तर्कशास्त्र त्याने स्वतःच काढलं होतं. व्याख्यानातल्या बाईंनीही नेमकं तेच सांगितलं, आणि ते चूक आहे. दिवसभर पाणी तोडलं की मूत्राशयाला भरपूर साठवायची सवय होत नाही, आणि मल कोरडा होतो. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी पहिला प्रश्न विचारला तो शौचाला होण्याबद्दल. मला तो असंबद्ध वाटला. तो अजिबात असंबद्ध नव्हता. साठलेला मल मूत्राशयाला मागून रेटतो, त्याची जागा खातो. अमेरिकेतल्याच एका १९९७ च्या अभ्यासात, बद्धकोष्ठ असलेल्या ज्या मुलांना रात्रीचाही त्रास होता त्यांच्यातल्या सहा दशांशाहून अधिक मुलांचा रात्रीचा त्रास फक्त बद्धकोष्ठावर उपचार केल्याने गेला. पिझ्झा, पास्ता आणि पांढरा पाव खाणाऱ्या आपल्या पोरांसाठी हे वाक्य पुन्हा वाचण्यासारखं आहे.

आता "आमच्या काळी असलं काही नव्हतं" म्हणणाऱ्यांकडे वळू. होतं. १५४५ साली थॉमस फेअर नावाच्या इंग्रज वैद्याने मुलांच्या रोगांवर पुस्तक लिहिलं, त्यात अंथरूण ओलं करण्याला स्वतंत्र प्रकरण आहे आणि कोंबड्याची श्वासनळी जाळून केलेली पूड हा एक उपाय. आयुर्वेदात याला शय्यामूत्र असं नावच आहे. बिहारमधल्या मोतिहारीला १९०३ मध्ये जन्मलेला जॉर्ज ऑर्वेल आठव्या वर्षी इंग्लंडमधल्या निवासी शाळेत गेला, तिथे अंथरूण ओलं व्हायला लागलं, आणि मुख्याध्यापकाने त्याला चाबकाने मारलं. त्यावर त्याने लिहिलेला दीर्घ निबंध त्याच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये छापला गेला. त्यात त्याला सर्वांत जास्त काय लागलं होतं, तर मार नव्हे. आपल्या हातात नसलेलं पापही आपल्याच नावावर लिहिलं जातं, हे कळणं. हुकूमशाहीवर लिहिणारा लेखक ओल्या चादरीतून घडला असा दावा मी करत नाही, पण तो स्वतः कित्येक वर्षांनीही ती चादर विसरला नव्हता.

आणि हे जुन्या इंग्लंडपुरतं नाही. २०१२ च्या जुलैमध्ये पश्चिम बंगालमधल्या एका शाळेच्या वसतिगृहात पाचवीतल्या मुलीला अंथरूण ओलं केल्याबद्दल स्वतःची लघवी चाटायला लावल्याचा आरोप झाला, वॉर्डनला अटक झाली. देशभर बातमी गाजली. त्याआधी तीन वर्षं शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले होते. बातमी वाचून आपण सगळे हळहळलो असणार. पण 'चादर त्याची त्यालाच धुवायला लावा' आणि त्या वॉर्डनची कल्पना, यांच्यात जातीचा फरक नाही, मात्रेचा आहे. दोन्हींच्या मुळाशी एकच गृहीत: मूल हे मुद्दाम करतं, आणि घाण वाटली की थांबेल. (चादर बदलायला मुलाने हौसेने मदत केली, तर छान. शिक्षा म्हणून लावणं वेगळं. मुलाला हा फरक मोठ्यांपेक्षा लवकर कळतो.) ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१० च्या मार्गदर्शिकेत स्वच्छ लिहिलं की यात मुलाचा दोष नाही आणि शिक्षा करू नये. बक्षिसाबद्दलही तिथे शहाणपणाची गोष्ट आहे. कोरड्या रात्रीला बक्षीस देऊ नका, कारण ती मुलाच्या हातात नाही. झोपण्याआधी शूला जाणं, दिवसा पुरेसं पाणी पिणं, अशा हातात असलेल्या गोष्टींना द्या. आम्ही फ्रिजवर कोरड्या रात्रींचे तारे लावत होतो. सलग नऊ दिवस एकही तारा नाही, असा तो तक्ता येणारे जाणारे पाहत होते. कठड्यावरच्या गादीची ही अमेरिकन आवृत्ती.

आधुनिकांनीही फार शेफारू नये. मानसशास्त्राने हा प्रकार बराच काळ मुलाच्या मनातल्या गाठींवर ढकलला. १९६३ मध्ये एका मानसोपचारतज्ज्ञाने आग लावणं, प्राण्यांचा छळ आणि अंथरूण ओलं करणं ही तीन लक्षणं भावी हिंसेशी जोडली, आणि नंतरच्या संशोधनाने ते टिकलं नाही तरी दूरदर्शन मालिकांमधले गुन्हेगार अजून अंथरूण ओलं करतात. आजही अमेरिकेतल्या मानसिक विकारांच्या अधिकृत यादीत याला जागा आहे. बहुतेक मुलांत मनाचा त्रास हे कारण नसून परिणाम असतो. अपवाद आहे, तो खाली लिहितो.

मग करायचं काय? पाच वर्षांखालच्या मुलाबद्दल काहीच नाही, एक चांगलं वॉटरप्रूफ कव्हर घ्या. त्यापुढे मुलालाच त्रास वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा आणि लाजू नका. सहा महिने तरी कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करायला लागलं, दिवसाही कपडे ओले होत असले, शू करताना दुखत असलं, घोरत असलं, तर वाट न पाहता दाखवा. घरात किंवा शाळेत काही बिनसलं आहे का तेही अशा वेळी बघायला हवं. आणि अचानक खूप तहान, खूप शू आणि वजन उतरणं हे एकत्र दिसलं तर त्याच दिवशी, कारण तो मधुमेह असू शकतो. रात्री अकराला झोपेत उचलून नेल्याने त्या रात्रीची चादर वाचते, मूल काही शिकत नाही. प्रवासात जरूर करा.

डेस्मोप्रेसिन हे औषध त्या रात्रीच्या संप्रेरकाची नक्कल आहे. कॅम्प किंवा मित्राकडे झोपायला जाण्यासाठी ते उपयोगी पडतं, मात्र घेतल्यावर पाणी जपून प्यावं लागतं. अतिरिक्त पाण्याने रक्तातलं सोडियम धोकादायक उतरतं. याच कारणाने नाकात मारायचा त्याचा फवारा या त्रासासाठी वापरू नये असं अमेरिकन औषध प्रशासनाने २००७ मध्ये सांगितलं. गोळी भारतातून कोणाच्या बॅगेतून मागवायची नाही, हे वेगळं सांगायला नको. सांगतोच.

आणि आमच्याकडे लागू पडला तो अलार्म. याची गोष्ट मला शास्त्रज्ञ म्हणून फार आवडते. १९०४ मध्ये फाउंडलर या बालरोगतज्ज्ञाने वॉर्डातल्या मुलांचे कपडे ओले झाले की परिचारिकेला कळावं म्हणून घंटा बसवली. हेतू एवढाच. काही दिवसांनी लक्षात आलं की मुलं कोरडी राहायला लागली आहेत. १९३८ मध्ये अमेरिकेत मॉरर दांपत्याने तिचा पद्धतशीर उपचार केला. आज चड्डीला लावायची एक क्लिप आणि खांद्यावर छोटी पेटी, पहिला थेंब पडला की कर्कश वाजते. साधारण तीनांतली दोन मुलं उपचार चालू असताना कोरडी होतात, आणि बंद केल्यानंतरही निम्म्याच्या आसपास तशीच राहतात. यात जादू नाही. दोन-तीन महिने लागतात, आणि सुरुवातीला मूल उठतच नाही, आईबाप उठतात. म्हणजे पुन्हा आईच, असं होऊ देऊ नका. आमच्याकडे पहिले सहा आठवडे मी उठलो. व्याख्यानातल्या बाईंनी आई किती वाजता घरी येते हे विचारलं होतं. बाप पहाटे किती वाजता उठतो, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही.

अलार्म आणण्याआधी मी मुलाला माझी गोष्ट सांगितली, गादी, कठडा, रायगड, सगळी. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "बाबा, म्हणजे हे मला तुझ्याकडून आलंय?" मी हो म्हणालो. "मग तू मला का ओरडलास?" याला उत्तर नव्हतं, मी सॉरी म्हणालो. तेव्हा आई आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आलेली होती. ती शेंगा सोलता सोलता म्हणाली, "तुझ्या बाबांचंही नववीपर्यंत होतं रे. सासूबाईंनी मला सांगितलं होतं. त्यांची गादी गावाच्या विहिरीवर नेऊन धूत." बाबा जाऊन आठ वर्षं झाली. मला हे चौतीस वर्षांनी कळलं.

त्या मागच्या रांगेतल्या बाईंचा पत्ता मला मिळालेला नाही, मंडळाच्या यादीत शोधतो आहे. आमच्याकडचा अलार्म गेल्या सप्टेंबरपासून कपाटात पडून आहे. बॅटरी नवीन घालावी लागेल, क्लिप बदलून घ्या. कोणाला हवा असेल तर मला थेट लिहा, कारण विचारणार नाही.